घाटात बोलायचं नाही

यंदा थंडी लवकर आली. दादरच्या आमच्या इमारतीत पहाटे नळाचं पाणी हाताला झोंबायला लागलं, बायकोने ट्रंकेतून माझा स्वेटर काढून गच्चीवर उन्हात टाकला, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर फिरला. तो वास आला की मला दरवर्षी एक रस्ता आठवतो. खोपोलीच्या पुढे वळणं घेत वर जाणारा, सकाळच्या उन्हात एका बाजूने उजळलेला आणि दुसऱ्या बाजूने अजून ओला. त्या रस्त्यावर दोन सायकली. एक दत्तूची, एक माझी.

डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय. म्हणून रविवारी सकाळी मी दादरहून चालत लालबागला जातो आणि चाळीखाली उभा राहून दत्तूला हाक मारतो. आता तिथे हाक वरपर्यंत ऐकू जाते. संपात गिरण्या बंद होऊन वर्ष होत आलं. भोंगा नाही, पाळी सुटल्यावरचा पायांचा आवाज नाही, कठड्यावर काजळी बसत नाही. दत्तू म्हणतो, "वाळत घातलेला गंजीफ्रॉक पांढराच्या पांढरा राहतो रे. कसंतरीच वाटतं."

मग आम्ही दोघं करी रोडच्या पुलावरून पलीकडे जातो आणि परत येतो. पुलाचा चढ लागला की तो गप्प होतो. मीही होतो. ही सव्वीस वर्षांची सवय आहे. तिच्या आडोशाने मी सव्वीस वर्षं एक गोष्ट न सांगता काढली. यंदा स्वेटर उन्हात पडला त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की ही थंडी संपायच्या आत दत्तूला सांगायचं.

दत्तू मला भेटला दादरच्या टायपिंगच्या क्लासात. मी गिरगावच्या वाडीतला, सरकारी कचेरीतल्या हेडक्लार्कचा मुलगा, मला पुढे काय व्हायचं ते जन्मतःच ठरलेलं. तो परळच्या गिरणीत फिटर. 'खात्यातून ऑफिसात जाऊन बसायचं' म्हणून क्लासात आलेला. त्याच्या बोटांचं तेल अक्षरांच्या बटणांवर राहायचं आणि मास्तर पुढच्या पोराला विचारायचे, "हे मशीन दत्ताराम वापरून गेला का?" महिन्याभरात त्याने टायपिंग सोडलं. मला मात्र सोडलं नाही. अनंत हे माझं नाव सोडून 'ए क्लार्क' अशी हाक मारायचा, मला नोकरी लागायच्याही आधीपासून.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. घराघरात, हेअर कटिंग सलूनमध्ये, हॉटेलात चहाच्या कपावर एकच बोलणं. लालबागला तर भिंतीही बोलायच्या. आमच्या वाडीतही बोलायचे, पण खिडक्या लावून. वडिलांची नोकरी सरकारी. मी दत्तूसमोर मात्र मोठमोठ्याने बोलायचो. बोलायला मला कधी कमी पडलं नाही.

त्या दिवशी मोर्चा होता. दुपारी हिंदमाताच्या नाक्यावर, एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर भेटायचं ठरलं. दुकान बंद असणार, पायरी उंच, गर्दीतही दिसू. "नक्की येतोस ना?" त्याने विचारलं. "म्हणजे काय!" मी म्हटलं.

मी गेलो नाही.

वर्षानुवर्षं मी स्वतःलासुद्धा सांगत आलो की वडिलांनी अडवलं. आता खरं लिहितो. कोणीही अडवलं नाही. वडील दिवाणखान्यात वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी वर पाहिलंदेखील नाही. मी चपला घातल्या होत्या. आई म्हणाली, "बिरडं झालंय, दोन घास खाऊन जा." कडवे वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलून केलेलं बिरडं, ते आमच्याकडे काही रोज होत नाही. मी चपला काढल्या. बसलो. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग हात धुतले, आणि आता उशीरच झालाय असं म्हणून पलंगावर आडवा झालो. मला चांगली झोप लागली. भीती वाटली असती तर निदान झोप तरी लागली नसती. भीतीसुद्धा नव्हती, दत्तूची आठवणही नव्हती, पोट भरलेलं होतं, एवढंच.

संध्याकाळी वाडीतल्या कोणीतरी सांगितलं, हिंदमाताला गर्दी फुटली, पळापळ झाली, पुष्कळ माणसांना लागलं. मी धावत जिना उतरायला लागलो. आमच्या जिन्याच्या कठड्याला एक खिळा वर आलेला होता, सगळे तो चुकवून उतरायचे. मी तिथे थांबलो. शर्टाची बाही त्या खिळ्यात अडकवली आणि हिसका दिला. टर्रकन आवाज आला. हे मी केलं. घाईत अडकली नाही, मी अडकवली.

चाळीत जाऊन चौकशी केली, तर दत्तू इस्पितळात खाटेवर होता. पळापळीत एक हातगाडी उलटली होती आणि तिचं चाक त्याच्या डाव्या मांडीवर आलं होतं. बरोबरची पोरं पळाली तेव्हा त्यालाही ओढत होती. हे मला त्यांनीच सांगितलं. तो पायरीवरून हलला नव्हता. म्हणत होता, "थांबा रे, तो येतोय."

मला बघून त्याचा चेहरा उजळला. "आलास? मला वाटलं, तुझं काय झालं!"

"लोटला गेलो रे मी," मी म्हटलं. "पार भोईवाड्यापर्यंत."

त्याची आई खाटेशी बसली होती. मी तिला काकी म्हणायचो. मूळची मालवणकडची, उंच, चेहऱ्यावर देवीचे व्रण. तिने माझी फाटलेली बाही बघितली आणि मला जवळ ओढलं. "देवा महाराजा, दोघांय पोरांका राखलंस!" मग तिथेच, पदराच्या टोकाला टोचून ठेवलेली सुई काढून, शेजारच्या बाईकडून दोरा मागून, तिने अंगावरच माझी बाही शिवली. इतके बारीक टाके मी आधी कधी पाहिले नव्हते. पोराचा पाय राहतो की जातो हे ठाऊक नव्हतं त्या घटकेला तिला, आणि ती माझी बाही शिवत होती. दुसऱ्या दिवशी तिने आमची दोघांची दृष्ट काढली. मीठमोहऱ्या त्याच्यावरून उतरवल्या, तशा माझ्यावरूनही.

शेजारच्या खाटेवर एका कोळणीचा नवरा होता. तिने काकीला सांगितलं, कार्ल्याच्या एकविरेला नवस बोल, आई पावते. काकीने लगेच हात जोडले. पाय उभा राहिला तर दोघं पोरं सायकलीने तुझ्या डोंगराला येतील, आणि घाटात पाय टेकणार नाहीत. मग तिला स्वतःच्या गावच्या देवाची आठवण झाली. त्यालाही तिने मोठ्याने समजावलं, "रागावू नको रे महाराजा. तुझो डोंगर लांब, हिचो वाटेर असा." वॉर्डातली माणसं हसली. दत्तूही हसला, कळ येऊन मध्येच थांबला.

मी मात्र त्या 'दोघं' शब्दावर अडकलो होतो. जो गर्दीत नव्हताच, तोही नवसात धरला गेला होता.

पाय राहिला. प्लॅस्टर निघालं, काठी सुटली, पावसाळा गेला, आणि कार्तिकात एका सकाळी दत्तू आमच्या वाडीत सायकल घेऊन उभा. "चल रे क्लार्क. देवी वाट बघतेय."

चोरबाजारातून एकेक भाग जमवून त्याने ती सायकल बांधली होती. माझी होती वडिलांची, कचेरीत जायची, चेनला पत्र्याचं झाकण असलेली. दत्तूने तिचं झाकण काढलं, मडगार्ड काढले, चढाला हलकं जावं म्हणून मागे मोठं फ्रीव्हील बसवलं. "आता ही जरा तरुण दिसते," म्हणाला. वडील नुसते बघत राहिले. त्याच्या स्वतःच्या डाव्या पायात जोर नव्हता, पाय पायडलवरून घसरायचा. म्हणून गिरणीतल्या जुन्या पट्ट्याचं कातडं कापून त्याने पायडलला वादी केली आणि पाऊल त्यात घट्ट बांधलं. चढावर सायकल थांबली तर तो पाय सुटणार नव्हता, दत्तू डावीकडे धाडकन पडणार होता. "म्हणून तू डावीकडून," त्याने सांगितलं. "आणि मी हलायला लागलो की पाठीवर हात ठेव. ढकलू नको. नुसता ठेव."

पहिले दोन आठवडे आम्ही करी रोडचा पूलच चढत उतरत होतो. पुलाखालून गाडी गेली की धूर वर यायचा आणि त्यातून आम्ही खोकत बाहेर पडायचो. पोरं ओरडायची, "दत्तूभाऊ, देवी पुलाखाली नाय राहात!" मग शीवपर्यंत. मग ठाण्यापर्यंत. मार्गशीर्षात पनवेल गाठलं. तिथे दत्तूची आत्या राहायची. शनिवारी गिरणी सुटली की निघायचं, दिवेलागणीला पनवेल, आणि रविवारी उजाडता उजाडता घाटाकडे.

त्या रस्त्याचे वास मला आजही क्रमाने सांगता येतील. मुंब्र्याला खाडीचा. पनवेलच्या अलीकडे पेंढ्याचा आणि शेणाचा. चौकच्या पुढे पावट्याच्या वेलांचा, दव पडलेला. पौषात आत्याच्या शेतावर पोपटी झाली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात पावट्याच्या, म्हणजे ओल्या वालाच्या शेंगा, मडकं उपडं घालून भोवती जाळ. मडकं उघडलं आणि जो वास आला त्याने दत्तूने डोळे मिटले. शेंग सोलून पहिला दाणा त्याने माझ्या तोंडात घातला. "खा रे. तुमच्या गिरगावात वाल सोलून खातात, आमच्यात जाळून."

वाल म्हणताच मी तो दाणा तोंडातून काढून हातात घेतला. त्याला वाटलं, चटका बसला.

घाटाचे नियम त्याने घातले होते. ट्रकच्या मागच्या साखळीला हात लावायचा नाही. वर बघायचं नाही, पुढच्या चाकाकडे बघायचं. आणि बोलायचं नाही. "एक शब्द म्हणजे एक श्वास," तो म्हणायचा. "खाली उतरल्यावर काय बोलायचं ते बोल." त्याला हे ठाऊक नव्हतं की मला जे सांगायचं होतं ते फक्त चढावरच ओठांपर्यंत यायचं. माझा तळहात त्याच्या पाठीवर असायचा. सदरा घामाने चिकटलेला, त्याखाली पाठीचे दोन स्नायू आळीपाळीने हलणारे, उजवा जोरात, डावा हळू. आठवड्यागणिक डाव्यात जीव येत होता आणि ते त्याच्याआधी माझ्या हाताला कळत होतं. अशा वेळी वाटायचं, आता सांगावं. पण चढ चालू असायचा. आणि उतारावर काय, वारा कानात, ब्रेकची रबरं तापून वास सुटलेला, दोघेही पोरांसारखे ओरडत खाली. खोपोलीच्या चहाच्या दुकानात पोचलो की तो इतका खूश असायचा, की ते मोडायची माझी छाती होत नसे.

खरं सांगायचं तर तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा हिवाळा होता. यातच माझं सगळं बिघडलं. मी त्या संध्याकाळी इस्पितळात खरं बोललो असतो, तर काकीने नवसात मला धरलं नसतं आणि दत्तूने घाटात माझा हात पाठीवर घेतला नसता. लग्न झालं, नोकरी झाली, मुलं झाली. पण सुख म्हटलं की मला आठवतं ते चौकच्या पुढचं दव आणि दत्तूची हलणारी पाठ. हे सगळं मला खोटं बोलून मिळालं. ते परत करायचं कसं, हे मला कधी सुचलं नाही.

महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी नवस फेडायचा ठरला. काकी एसटीने आधीच कार्ल्याला पुढे गेली होती, नारळ आणि खण घेऊन. आम्ही आठच्या सुमाराला घाटाला लागलो. पहिली वळणं त्याने माझ्या हाताशिवाय काढली. अर्ध्या घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे, या डोंगरातली वाट दाखवणाऱ्या धनगराचं. ट्रकवाले तिथे नारळ वाढवतात. देवळाच्या अलीकडचा चढ सगळ्यात अवघड. तिथे दत्तूची सायकल हलायला लागली. मी हात ठेवला. त्याची पाठ थरथरत होती. त्याने तो चढ काढला. देऊळ मागे पडलं, रस्ता जरा सरळ झाला, आणि त्याने मान हलवून खूण केली, की हात काढ.

मी हात काढला. थोडा मागे राहिलो. आणि ब्रेक दाबून मी माझा डावा पाय रस्त्यावर टेकला.

दमलो नव्हतो. मुद्दाम टेकला. चपलेखाली खडी वाजली. तो नवस माझा नव्हता, माझ्या हातून तो फेडला जाता कामा नये, एवढंच मला त्या वेळी कळत होतं. मग पुन्हा बसलो आणि त्याला गाठलं. त्याने वळून पाहिलं नव्हतं. घाटात मागे बघायचं नाही, हाही त्याचाच नियम.

कार्ल्याच्या पायऱ्या तो त्या पायाने चढला, मध्ये न बसता. वर काकी उभी होती. दत्तूने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "आई, एका चढाला अनंताचा हात लागला हां पाठीला."

"हात लागलो म्हणान काय झाला?" काकी म्हणाली. "पाय टेकलो नाय मां?"

"नाय."

मग तिने माझ्याकडे बघितलं. विचारलं नाही, नुसतं बघितलं, कौतुकाने. मी खाली वाकून तिच्या पाया पडलो. मला चेहरा लपवायचा होता.

काकीला जाऊन दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत, कोणी नवीन माणूस चाळीत आला की माझ्याकडे हात करून सांगायची, "ह्यो पण होतो त्या गर्दीत." मी नको नको म्हणायचो आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा.

यंदाच्या पौषातल्या एका रविवारी पुलाचा चढ लागायच्या आधीच मी थांबलो. म्हटलं, "दत्तू, मी त्या दिवशी हिंदमाताला आलोच नव्हतो."

कोणता दिवस हे त्याने विचारलं नाही. मी सगळं सांगितलं. पलंग, झोप, खिळा. बाजूने एक टॅक्सी गेली, एक दूधवाला गेला. तो ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "जेवायला काय होतं?"

"बिरडं. वालाचं."

त्याने मान हलवली. डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाला, "मला सांगितलं नाहीस ते नाहीस. आईला सांगायला हवं होतंस रे. खाटेवरून बघत होतो मी, किती बारीक टाके घालत होती."

मी म्हटलं, "आणखी एक आहे. घाटात शिंगरोबाच्या पुढे मी पाय टेकला. मुद्दाम. नवस माझा नव्हता म्हणून."

आता मात्र तो माझ्याकडे वळला. इतका वेळ न आलेला राग त्याच्या चेहऱ्यावर आला. "टेकलास? मुद्दाम? अरे, आई बोलली होती दोघांसाठी! तुझा नव्हता हे ठरवणारा तू कोण?" आणि मला तिथेच सोडून तो लंगडत चाळीकडे परत गेला. थंडीत त्याचा पाय अजून थोडा धरतो.

पुढच्या रविवारी मी हाक मारली. वरून त्याच्या सुनेने सांगितलं, बाबा बाहेर गेलेत. त्याच्या पुढच्या रविवारी मी वर जाऊन विचारलं, तरी तेच. तिच्यामागे दार अर्धवट उघडं होतं आणि खुंटीला त्याची टोपी दिसत होती. मी एकटाच पुलावर गेलो आणि अर्ध्यातून परत आलो.

माघ लागला. थंडी उतरणीला लागली, बायको म्हणाली स्वेटर धुऊन ठेवू का. मी म्हटलं, एक रविवार थांब. त्या रविवारी मी चाळीखाली पोचलो तर दत्तू आधीच खाली उभा होता. पायात कॅनव्हासचे बूट.

"एसटीने खोपोलीला जायचं," तो म्हणाला. "तिथून चालत. सायकल आता आपल्या दोघांच्या बापाच्याने होणार नाही. चालायचं म्हणजे पाय टेकणारच, पण ते मी देवीला समजावीन. आई समजवायची तसं. नवस आता अर्धा ठेवून चालणार नाही."

"कधी?"

"आधी पूल तरी चढून दाखव. तोंड बघ कसं झालंय."

चढाला लागलो. कित्येक दिवसांत पूल पुरता चढलो नव्हतो, दम लागत होता. मधल्या खांबाशी पाय जड झाले. मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. काय, ते आता आठवत नाही. मी तोंड उघडलं, तेवढ्यात पाठीवर हात आला. ढकलत नव्हता. नुसता ठेवलेला होता.

"बोलू नको," दत्तू म्हणाला. "चढ आहे."